एकाच कुंपणावरचे दोन भोपळे

पंढरपूरहून मंगळवेढ्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की भीमेकाठी हे गाव लागतं. नाव लिहीत नाही, संग्रहालयाच्या मंडळींना ते नको आहे. जुन्या चावडीच्या तीन खोल्या, पुढं ओटा, मागं जेमतेम दोन गुंठ्यांची परसबाग. एका निवृत्त गुरुजींनी घरोघरी फिरून माळ्यावरच्या वस्तू गोळा केल्या आणि हे उभं केलं. बाग सांभाळतात त्या अक्का. गावात सगळे त्यांना अक्काच म्हणतात, गुरुजीसुद्धा.

मी नोकरीची बरीच वर्षं बीज प्रमाणीकरणाच्या कामात काढली. इथं पहिल्यांदा आले ती मात्र एकादशी उरकून परत जाताना, नुसती बघायला. दुसऱ्यांदा गुरुजींनी फोन करून बोलावलं, कारण संग्रहालयानं दिलेल्या बियांचा दुधी कडू निघाला होता आणि एक आजोबा सलाईनवर होते. त्या दुसऱ्या फेरीपासून पुढं साधारण वर्षभर जे पाहिलं, तपासलं आणि भांडलो, ते इथं मांडते आहे.

आत काय आहे

पहिल्या खोलीत मापं आहेत. चिपटं, मापटं, शेर, अडशेरी, पायली, एकाला एक दुप्पट. शाळेची पोरं आली की गुरुजी त्यांना चिपट्यानं ज्वारी भरून पायली पुरी करायला लावतात. सोळा मोजता मोजता दोघं तरी चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या खोलीत तिफण, कुळव, मोटेचं सुरकुतलेलं चामडं, जाती, उखळ. असं बऱ्याच गावांत पाहायला मिळतं, त्यावर वेळ घालवत नाही.

अंगणातलं पेव मात्र पाहण्यासारखं आहे. जमिनीच्या पोटात खोदलेलं, आतून लिंपलेलं, तोंडाशी निमुळतं. आता वर लोखंडी जाळी बसवली आहे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला तर आतल्या हवेत माणूसही टिकणार नाही. कशाचंही ‘पेव फुटलं’ असं आपण उठता बसता म्हणतो, पण त्यात डोकावलेली माणसं आता थोडी. गुरुजी इथं उभे राहून दामाजीपंतांनी दुष्काळात उघडलेल्या कोठारांची गोष्ट सांगतात. मंगळवेढा हाकेच्या अंतरावर असल्यावर ती टळायची नाही.

तिसरी खोली भोपळ्यांची. पोहायला शिकताना कमरेला बांधायचा सुका भोपळा, बी ठेवायचा भोपळा, एकतारी, आणि एका तंबोऱ्याचा तडा गेलेला भोपळा. हा शेवटचा गुरुजींचा जीव की प्राण. मिरजेत १८५०च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि त्यातून तिथली सतार-तंबोऱ्याची परंपरा उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांचा भोपळा पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून जातो. मिरजेचं नाव झालं, भोपळा पिकवणाऱ्याला कोण ओळखतं, हा गुरुजींचा सल. तो मला पटतो.

तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो. पीक घेणारे सांगतात की कडू असल्यामुळंच गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि वाळल्यावर कवच कीडमुंगीशिवाय टिकतं. भाजीचा दुधी आणि तंबोऱ्याचा भोपळा दिसायला इतके वेगळे की एक मुंगूस आणि एक म्हैस वाटावी. पण शास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही एकच जात, लॅजिनेरिया सिसेरारिया. माणसानं फार जुन्या काळी लावायला घेतलेल्या वनस्पतींत ही मोडते. आफ्रिका तिचं मूळ घर, आणि खाण्याइतकीच ती भांडं म्हणूनही वापरात आली. गोड आणि कडू वेल शेजारी असले की त्यांचा संकर अगदी सहज होतो.

इथवर लिहिल्यावर चाणाक्ष वाचकाला पुढचं कळलं असेल. आम्हाला कळायला आठ महिने लागले.

काय घडलं

बागेत गावरान वाण लावायचे, त्यांचं बी धरायचं आणि आलेल्या पाहुण्याला एक पुडी द्यायची, अशी कल्पना. पुडी दहा रुपये, तेही डब्यात टाकले तर टाकले. वाल, अंबाडी, गूळभेंडी ज्वारी, करडई आणि एका म्हातारीच्या घरून आणलेला दुधी: बुटका, फिकट हिरवा, गळ्याशी आवळलेला, सालीची चटणी करावी तर यानंच. पहिली दोन वर्षं सगळं झकास चाललं.

तिसऱ्या वर्षी गुरुजींच्या मनात आलं की तिसऱ्या खोलीतला भोपळा लोकांनी वेलावर लटकलेला पाहावा. बेत उत्तमच होता. एका जुन्या बागायतदाराकडून बी आणलं आणि पश्चिमेच्या कुंपणावर लावलं. दुधीचा मांडव तिथून वीसेक पावलांवर. दोन्ही वेल मृगात लावले, दोन्ही श्रावणात फुलले.

चौथ्या वर्षी पहिला फोन पुण्याहून आला. गच्चीवर बाग करणाऱ्या बाई होत्या. “गुरुजी, तुमचा दुधी कडूजार आहे हो.” गुरुजींनी त्यांना पाणी कमी पडलं असेल असं सांगितलं. दुसरी तक्रार गावातूनच आली, अक्कांच्या जावेकडून, आणि ती जाऊबाईंनी चारचौघांत सांगितली हे वेगळं सांगायला नको. तिसरा फोन सांगोल्याकडचा. घरातल्या आजोबांनी ताटात पडलेलं टाकायचं नाही या सवयीनं कडू भाजी संपवली. सुनेनं गूळ घालून पाहिला होता, तरी कडूपणा हटला नाही. तासाभरात उलट्या, मग जुलाब, रात्री दवाखाना. दुसऱ्या दिवशी घरी आले.

हे थोडक्यात निभावलं. कडू दुधीतला कडूपणा कुकरबिटासिन या गटातल्या द्रव्यांचा असतो. शिजवून तो जात नाही आणि त्यावर ठरावीक उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करतात. दुधीचा कडू रस प्यायल्यानं काही लोक दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञ समिती नेमली. २०१२ साली छापून आलेल्या तिच्या अहवालात साधी गोष्ट सांगितली आहे: कडू लागला तर तो रस पिऊ नये, आणि प्यायल्यावर त्रास वाटला तर लगेच दवाखाना गाठावा. मधुमेहासाठी सकाळी उठून कारल्याचा रस पिणाऱ्याला कडूची भीती राहिलेली नसते. कारल्याचा कडूपणा वेगळा आणि हा वेगळा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तपास

मी पोचले तेव्हा गावात तीन कारणं ठरून गेली होती. पहिलं, पाण्याचा ताण. ताणानं काही वेलवर्गीय फळांत कडसर झाक येते, पण इथं पुणं, गाव आणि सांगोला, तीन ठिकाणची माती-पाणी वेगळी आणि कडूपणा एकच. दुसरं, कुणीतरी खताच्या पिशवीत बी ठेवलं. तिसरं कारण जाऊबाईंचं: संग्रहालयात शंभर लोक येतात, कोवळ्या फळाला बोट दाखवतात, मग काय होणार! बोट दाखवलं की फळ सडतं हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे; कडू होतं हे नवीन.

अक्का मात्र गप्प होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, “चाखल्याबिगर बी धरलं न्हाई म्या, ताई. हरेक येलाचं फळ आधी सोता खाल्लं. ग्वाड हुतं. मंग बी कडू कसं निघंल?”

या एका प्रश्नात सगळं प्रकरण आहे. अक्का अक्षर न् अक्षर खरं बोलत होत्या. त्यांनी चाखलेलं फळ गोडच होतं आणि त्याच फळाच्या बिया कडू निघाल्या.

दुधीच्या एका वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी आधीपासूनच बोटाएवढा दुधी असतो. परागकण कुठूनही येवोत, त्या दुधीचा गर आईच्या वेलाचाच भाग. त्याच्या चवीत बापाचा काही संबंध नाही. बाप असतो तो आतल्या बीत, आणि ते बी पेरून, वेल चढून, त्याला फळ लागेपर्यंत तो कुणाला दिसत नाही. त्या वर्षी मांडवावरचे सगळे दुधी गोडच असणार होते. काहींच्या पोटात तंबोरा होता, एवढंच.

अक्कांना हे मी सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ मांडवाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी तोंड आईचं आन् खोड बापाची.” इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे इतकं नीट सांगता आलेलं नाही.

पण माझं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि गुरुजी पुराव्याशिवाय हलणारे नव्हेत. सुदैवानं अक्कांनी बी दोन डब्यांत ठेवलं होतं. बिस्किटाच्या डब्यात कुंपणाकडच्या फळांचं, दुधाच्या पावडरच्या डब्यात विहिरीकडच्या फळांचं. पुड्या दोन्हीतून हाताला येईल तशा भरल्या गेल्या. उरलेल्यातून प्रत्येकी सहा बिया आम्ही जानेवारीत माझ्या ओळखीच्या एका मळ्यात टोकल्या. एप्रिलपर्यंत चव घ्यायचीसुद्धा गरज उरली नाही. विहिरीकडच्या सहाही वेलांना नेहमीचा बुटका दुधी. कुंपणाकडच्या सहांपैकी चारांना जे लागलं ते धड हे नाही आणि धड ते नाही: गळा दुधीचा, पोट तंबोऱ्याचं. तरी जिभेच्या टोकावर चतकोर नखाएवढा तुकडा ठेवून पाहिला आणि थुंकला. चारही कडू. या जातीत गोड आणि कडू एकत्र आले की पहिल्या पिढीत कडूच वरचढ ठरतं. उरलेले दोन आपल्याच मांडवातल्या परागांचे असणार.

तुकोबांच्या नावावर एक गोष्ट सांगतात. तीर्थयात्रेला निघालेल्यांच्या हाती त्यांनी एक कडू भोपळा दिला, प्रत्येक तीर्थात त्याला बुडवून आणा म्हणाले, आणि परत आल्यावर चिरला तर कडूच्या कडू. गुरुजींनी एप्रिलमधल्या त्या दुपारी हीच गोष्ट मला ऐकवली. हार मानण्याची त्यांची ती पद्धत.

पुड्या गेल्या कुठे

आता ज्यांनी ज्यांनी बी नेलं त्यांना कळवायचं. संग्रहालयात अभिप्रायाची जाडजूड वही आहे. ती उघडली. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘बालपण आठवलं’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. खाली सही, सहीखाली गाव, तेही नेहमी नाही. कुणाचा फोन नंबर नाही. कुणी कोणती पुडी नेली याची नोंद नाही. पेवाची खोली इंचात लिहून ठेवणाऱ्या माणसाकडं बियांचा हिशेब नव्हता.

गुरुजींना मी हे जरा लागेल असंच बोलले. खोलीतल्या तंबोऱ्यावर चुकीची पाटी लावली तर एखादा जाणकार हसेल, आणि पाटी बदलली की संपलं. बागेतली चूक पुडीत बसून एसटीनं पुण्याला जाते, तिथं गच्चीवर वाढते, आणि पुढच्या वर्षी त्या बाई शेजारणीला बी देतात. जिवंत वस्तू मांडायची तर तिची आवक-जावक लिहायला हवी. पोस्टातला शिपाईसुद्धा पार्सलाची लिहितो.

मला आणखी एक गोष्ट खटकली, ती लोकांच्या बाजूची. पुण्याच्या बाईंना मी विचारलं, फळाचा आकार पाहून शंका आली नाही का? त्या म्हणाल्या, “गावरान म्हटल्यावर असंच वेडंवाकडं असणार असं वाटलं.” सांगोल्याच्या घरी तर कडू म्हणजे औषधी असेल अशी चर्चा झाली होती. म्हणजे बाजारातला दुधी कडू निघाला असता तर ज्यांनी तो उचलून भाजीवाल्याच्या तोंडावर मारला असता, त्यांनी पुडीवर ‘गावरान’ वाचून स्वतःच्या जिभेवर अविश्वास दाखवला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण त्यानंतर जिथं तिथं बियांच्या पुड्या दिसू लागल्या तेव्हा धास्तीही वाटली. राहीबाईंच्या घरी पुडीच्या मागं पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आहे, कोणत्या वेलाचं कोणतं फळ राखायचं याची नजर आहे. इतरांनी त्यातली पुडी तेवढी उचलली.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध

प्रमाणित बियाण्यासाठी दुधीच्या दोन वाणांत ५०० मीटर अंतर लागतं, आणि ज्यातून हे प्रमाणित बी तयार करतात त्या पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर. दोन गुंठ्यांच्या बागेत हे कसं जमायचं? आणि तंबोरा उपटला तरी प्रश्न सुटत नाही. मी गल्लीतून एक चक्कर मारली. सात परसांत दुधी होता, त्यातल्या पाच घरी कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या पाकिटाचा संकरित. ते कडू नाहीत म्हणून कुणाला कळलं नाही. पण बागेतला ‘शंभर वर्षांपूर्वीचा शुद्ध वाण’ पहिल्या वर्षापासूनच शेजाऱ्यांशी सोयरीक करत होता. म्हातारीच्या घरी असताना तरी तो शुद्ध होता का, कुणी सांगावं. तंबोऱ्यानं फक्त बोभाटा केला.

सगळ्याच पिकांची ही कथा नाही. वाल, जवस, खपली गहू ही बरीचशी स्वतःपुरती राहणारी पिकं. चार वाण शेजारी लावले तरी फारसं बिघडत नाही. ज्वारीत थोडी मिसळ होते, तुरीत मधमाश्या त्याहून जास्त करतात, बाजरीत तर विचारूच नका. वेलवर्गातही दुधी आणि दोडका शेजारी असले म्हणून काही होत नाही, त्यांच्या जाती वेगळ्या. हा फरक पाटीवर कुठंच नव्हता. सगळ्या वाफ्यांना एकच ओळ: ‘पारंपरिक वाण, जतन करा.’

बैठक

अक्कांचं म्हणणं, तंबोरा उपटा, आत्ता. गुरुजींचं म्हणणं, हा भोपळाच तर आपल्या गावाचा इतिहास, दुधी काय कुठंही मिळतो. दोघंही दोन तास हटले नाहीत. शेवटी तोडगा निघाला तो अक्कांच्या डब्यांतूनच. दुधीचं बी नीट वाळवून कोरड्या जागी ठेवलं तर तीन-चार वर्षं सहज उगवतं. मग दोन्ही दरवर्षी लावायचा हट्ट कशाला? एक वर्ष दुधी, एक वर्ष तंबोरा. तंबोऱ्याच्या वर्षी दुधीचं जुनं बी वाटायचं. आधी-मागं पेरून फुलोरा चुकवावा असंही कुणी सुचवलं, ते मी मोडून काढलं. हे वेल दोन-दोन महिने फुलत राहतात.

गल्लीतल्या संकरित दुधीचं काय, तर त्याला हातानं परागीकरण हाच उपाय. हे काम मीच अक्कांना शिकवायचं ठरलं. पुड्यांसाठी वही आली: नाव, फोन, डबा नंबर. पुडीवर आता छापलं आहे, ‘पहिल्या फळाचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका, वेल उपटा, आम्हाला कळवा.’ एका सदस्यानं हरकत घेतली, असं छापल्यावर पुडी कोण नेणार? खरं आहे, कमी जातात. गुरुजींनी कडू संकराचं एक फळ वाळवून तिसऱ्या खोलीत ठेवलं आहे आणि त्याखाली घडलेली हकिगत स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे, सांगोल्याच्या आजोबांसकट. मला विचाराल तर सगळ्या संग्रहालयात वाचण्यासारखी पाटी तीच.

श्रावणातली एक संध्याकाळ

दुधीचं फूल पांढरं असतं आणि दिवस कलला की उमलतं. म्हणून काम दुपारी चारला सुरू होतं. उद्याची नव्हे, आजच संध्याकाळी उमलणारी कळी ओळखायची. ती फुगलेली असते, टोकाला पांढरं डोकावतं. मादी कळीला कागदी पिशवी, नर कळीचं तोंड दोऱ्यानं बांधायचं. अक्कांनी पहिल्या दिवशी दोरा इतका आवळला की दोन कळ्या तुटल्या. “वाकळ शिवायची सवय,” म्हणाल्या आणि तिसरी हलक्या हातानं बांधली.

सातच्या सुमारास नर फूल तोडलं, पाकळ्या मागं दुमडल्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. पुन्हा पिशवी. देठाला लाल दोरा, म्हणजे हे फळ बीचं, भाजीला तोडायचं नाही. अशी नऊ फुलं झाली. त्यातली पाच धरली.

शेवटच्या फुलाच्या वेळी अंधार पडला होता. मी मोबाइलचा उजेड धरून उभी होते. एक मोठा पतंग आला, पंख दिसेनात इतक्या वेगानं हलवत. पिशवी बांधलेल्या फुलापाशी थांबला, पिशवीभोवती दोनदा फिरला, आणि कुंपणावरून जाऊबाईंच्या मांडवाकडं निघून गेला. अक्का बघत होत्या.

“जा बाबा,” त्या म्हणाल्या, “तितं उघडंच हाय समदं.”